सोलर घड्याळाची बॅटरी लवकर उतरते आणि उंचीही चुकते : आधी काय तपासायचं

तंबूत पहाटे जाग आली तेव्हा मनगटावरचं घड्याळ रात्रीपेक्षा ६४ मीटर जास्त उंची दाखवत होतं. जागा तीच, आणि मी रात्रभर झोपलेली. बॅटरी मात्र ४१ टक्क्यांवरून ३० वर आली होती. आदल्या खेपेलाही हेच झालं होतं, म्हणून या वेळी मी उंचीचं आपोआप होणारं जीपीएस कॅलिब्रेशन (उपग्रहांवरून माप जुळवून घेणं) चालू करून टाकलं आणि चालायला लागले. दुपारपर्यंत कडक ऊन होतं, त्यामुळे चार्जिंगची काळजी वाटली नाही. दुपारनंतर जोराचा पाऊस आला आणि खाली पोचायच्या आधीच घड्याळ बंद पडलं.

घरी आल्यावर सगळ्या नोंदी शांतपणे पाहिल्या, तेव्हा लक्षात आलं की घड्याळात बिघाड काहीच नव्हता. पहाटेचे ते ६४ मीटर म्हणजे पावसाआधी पडलेला हवेचा दाब होता. मी तो चुकीच्या जागी दुरुस्त करायला गेले आणि त्यात होती ती बॅटरीही घालवून बसले. तेव्हापासून अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी दोन्ही गोष्टी एकत्रच बघते. बॅटरी वाचवायला सेटिंग बदललं की सेन्सरचं माप बिघडतं, आणि माप सुधारायला गेलं की बॅटरी उतरते. कुठलं आधी आणि कुठलं नंतर तपासायचं, एवढं नीट जमलं तर बहुतेक घड्याळं दुरुस्तीला न देताच ताळ्यावर येतात.

पहिली पायरी : तीन दिवसांची वही

सूर्य, ऊन, काच हे सगळं जरा बाजूला ठेवा. आधी आपलं घड्याळ नुसतं हातावर असताना दिवसाला किती खातं ते कळायला हवं. फुल चार्ज करा, आणि तीन दिवस रोज ठरावीक वेळी टक्के लिहून ठेवा. या तीन दिवसांत चालणं, धावणं, ट्रेक असलं काहीही रेकॉर्ड करू नका. दर दिवशी फक्त एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर वहीतून काहीच निष्पन्न होत नाही.

माझ्या वहीत पहिल्या दिवशी, नेहमीच्या सेटिंगवर, ९ टक्के गेले. दुसऱ्या दिवशी फोनशी असलेलं ब्लूटूथ दिवसभर बंद ठेवलं. ८ टक्के गेले. म्हणजे मी ज्याला दोष देत होते त्या नोटिफिकेशनचा वाटा फारसा नव्हता. तिसऱ्या दिवशी ब्लूटूथ पुन्हा चालू केलं आणि रक्तातला ऑक्सिजन मोजणं तेवढं बंद केलं. ४ टक्के गेले. चोर तिथे होता.

याचं कारण सरळ आहे. नाडीसाठी सहसा हिरवा दिवा पुरतो. ऑक्सिजनसाठी लाल आणि इन्फ्रारेड असे दोन दिवे लावून त्यांच्या परत आलेल्या प्रकाशाची तुलना करावी लागते, आणि हात स्थिर नसेल तर घड्याळ तेच माप पुन्हा पुन्हा घ्यायला बघतं. रात्रभर कूस बदलणाऱ्याच्या हातावर हे अखंड चालू राहतं. उंच पहाडात जात असाल तर झोपण्यापूर्वी एकदा हाताने मोजा. चोवीस तास चालू ठेवण्याइतका त्याचा उपयोग मला तरी दिसलेला नाही.

वहीत आकडा तरीही मोठाच येत असेल तर आणखी काही जागा बघाव्या लागतात. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण म्हणजे ‘पॉज’ करून विसरलेली अॅक्टिव्हिटी. आपण जेवायला थांबतो, बटण दाबतो, आणि जीपीएस मागे चालूच राहतं. सेव्ह करा किंवा टाकून द्या, पण लटकत ठेवू नका. दुसरं, बाहेरून डाउनलोड केलेला डायल. सेकंदाचा आकडा दर सेकंदाला बदलणारा आणि हवामान सतत मागवणारा सुंदर डायल सेन्सरइतकीच बॅटरी खाऊ शकतो. आठवडाभर कंपनीचा साधा डायल लावून बघा. तिसरं, मनगट वळवलं की लागणारा बॅकलाइट. झोपेत शंभरदा हात हलतो, म्हणून तो रात्री बंदच असावा.

आणि एक : सॉफ्टवेअर अपडेटनंतर एकदम मोठी घट दिसली तर आधी घड्याळ रिस्टार्ट करा, फोनशी पूर्ण सिंक होऊ द्या, आणि मग एकदा बॅटरी बरीच खाली जाऊ देऊन सलग १०० टक्क्यांपर्यंत चार्ज करा. टक्केवारी हा घड्याळाचा अंदाज असतो, आणि अर्धवट चार्जिंगच्या सवयीने तो अंदाज ढळतो. ३० टक्क्यांवरून थेट ५ वर उडी मारणाऱ्या घड्याळांपैकी काही एवढ्यानेच सुधारतात.

ऊन किती देतं, आणि किती देत नाही

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा सविस्तर.

भर उन्हात प्रकाश साधारण १,००,००० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. ढगाळ दिवशी तो १०,००० ते २०,००० वर येतो, दाट ढगांत त्याहूनही खाली. घरातल्या किंवा ऑफिसातल्या दिव्याखाली मात्र ३०० ते ५०० लक्स. आपले डोळे या फरकाशी इतके सहज जुळवून घेतात की खोली आपल्याला लख्ख उजेडाची वाटते, पण घड्याळाच्या पॅनेलसाठी ती जवळपास अंधारी असते. गार्मिनच्या सोलर घड्याळांच्या बॅटरीचे जाहीर आकडे ‘रोज ३ तास ५०,००० लक्स प्रकाशात, दिवसभर हातावर’ अशा गृहीतावर दिलेले असतात. दिवसभर छताखाली असणाऱ्याला ते आकडे मिळणार नाहीत, आणि त्यात घड्याळाचा दोष नाही.

आता ढोबळ हिशेब करू. बऱ्याच जीपीएस घड्याळांत खरं काम करणारं पॅनेल म्हणजे काचेच्या कडेची बारीक पट्टी. डायलवरचा अर्धपारदर्शक थर त्यात थोडीच भर घालतो, कारण त्यातून आपल्याला आकडेही दिसायला हवेत. ३५ मिलिमीटर व्यासाच्या काचेभोवती १ मिलिमीटर रुंदीची पट्टी धरली तर क्षेत्र होतं सुमारे १.१ चौरस सेंटिमीटर. कडक ऊन सरळ समोरून पडलं तर दर चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॉटच्या आसपास ऊर्जा येते. त्यातला पाचवा हिस्सा जरी वीज झाला, तरी मिळतात २० मिलिवॉट.

आता खर्चाची बाजू. बॅटरी ३०० मिलिअँपिअर-तासांची धरली तर तिच्यात साधारण १.१ वॉट-तास ऊर्जा मावते. जीपीएसवर ३० तास चालणारं घड्याळ म्हणजे सतत ३७ मिलिवॉटचा खर्च. तेच घड्याळ नुसतं हातावर १४ दिवस चालत असेल तर खर्च जेमतेम ३ मिलिवॉट. आकडे मॉडेलनुसार बदलतील, काही नव्या घड्याळांत पट्टी रुंद असते, पण प्रमाण साधारण हेच राहतं. ऊन रोजच्या साध्या खर्चाला मोठा हातभार लावतं. जीपीएस चालू असताना ते फक्त उतरण्याचा वेग कमी करतं. ट्रेकला निघताना ३० टक्के बॅटरी असेल आणि ‘ऊन आहे, भरेल’ असा भरवसा असेल, तर तो सोडून द्या आणि निघण्यापूर्वी केबल लावा.

शिवाय ऊन सरळ समोरून पडतं कुठे? काठी धरलेल्या हातावर घड्याळाची काच बाहेरच्या बाजूला असते. प्रकाश ६० अंश तिरका आला की मिळकत निम्मी होते. बाही वरून आली की शून्य. काचेवर चिकटवलेली संरक्षक फिल्म आणि तिच्या कडेला साचलेला सनस्क्रीनचा पांढरट थर नेमका त्या पट्टीवरच बसतो. ओलं मऊ फडकं कडेवरून फिरवा, आणि घड्याळात प्रकाशाची तीव्रता दाखवणारा आलेख असेल तर पुसण्याआधी आणि नंतर, त्याच जागी, तो बघा. मी एकदा फिल्म काढल्यावर त्या आलेखाची रेघ माझ्या डोळ्यांदेखत वर गेलेली पाहिली आहे.

एक कळकळीची सूचना : घड्याळ चार्ज व्हावं म्हणून बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा तापलेल्या खडकावर ठेवू नका. काचेमागे उन्हात तापमान सहज ६० अंशांच्या पुढे जातं. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांपुढे चार्ज करणं हानिकारक असतं, म्हणून चांगली घड्याळं तेव्हा चार्जिंग थांबवतात. म्हणजे पदरात काही पडत नाही आणि बॅटरीचं आयुष्य मात्र कमी होतं. उन्हात ठेवायचंच असेल तर सकाळच्या कोवळ्या उन्हात, वारा लागेल अशा जागी, पट्ट्यावर उभं करून ठेवा. सगळ्यात चांगली जागा मनगटच.

जीपीएस नसलेलं सोलर घड्याळ ‘मेलं’ असेल तर

ही घड्याळं वेगळ्या जातीची आहेत. त्यांचा खर्च इतका कमी असतो की ऊन खरोखर पुरतं. कॅसिओच्या अनेक सोलर डिजिटल मॉडेलांच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं की एका दिवसाच्या वापराइतकं चार्जिंग ५०,००० लक्समध्ये ५ मिनिटांत होतं, १०,००० लक्समध्ये २४ मिनिटांत, आणि ५०० लक्सच्या खोलीत त्यालाच ८ तास लागतात. कपाटात ठेवलेलं घड्याळ का उतरतं ते या तीन आकड्यांत आलं.

पण ‘डिस्प्ले कोरा झाला’ म्हणून घाबरण्याआधी ते उजेडात न्या किंवा एखादं बटण दाबा. कॅसिओचं पॉवर सेव्हिंग रात्री १० ते सकाळी ६ या वेळात, अंधारात तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ गेला की डिस्प्ले बंद करतं. आत वेळ चालूच असते. बॅकलाइट किंवा बीप लागोपाठ वापरल्यावर रिकव्हरीची खूण लुकलुकली तर तोही बिघाड नाही. व्होल्टेज सावरेपर्यंत ती सोय थांबवलेली असते. काट्याच्या घड्याळांत, सिटिझनच्या इको-ड्राइव्हमध्ये उदाहरणार्थ, सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांची उडी मारायला लागला की चार्ज संपत आल्याचा तो इशारा असतो. अशा वेळी दहा मिनिटं उन्हात धरून काम भागत नाही. पूर्ण रिकाम्या झालेल्या घड्याळाला काही दिवस रोज काही तास उजेड द्या. तरीही दोन-तीन दिवसांत ते पुन्हा उतरत असेल तर आतला चार्ज होणारा सेल थकलेला आहे. तो बदलताना तिथे साधा बटन सेल बसवू देऊ नका. तो चार्ज होण्यासाठी बनलेला नसतो, आणि गळू किंवा फुगू शकतो.

उंची रात्रीत बदलते, चढताना कमी भरते

आता त्या ६४ मीटरांकडे. घड्याळातला अल्टिमीटर उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची काढतो. समुद्रसपाटीजवळ दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की घड्याळ साधारण ८.३ मीटर चढल्याचं मानतं. पाऊस किंवा वादळ जवळ आलं की दाब आपोआपच पडतो. ८ हेक्टोपास्कल पडला, आणि झोपलेल्या माणसाचं घड्याळ साठ-पासष्ट मीटर वर गेलं.

बहुतेक ट्रेकिंगच्या घड्याळांत यावर उपाय दिलेला असतो, फक्त तो सेटिंगमध्ये आत दडलेला असतो. सेन्सरचे तीन मोड असतात : अल्टिमीटर (उंचीसाठी), बॅरोमीटर (हवेच्या दाबासाठी) आणि ऑटो. माझं घड्याळ कधीतरी अल्टिमीटरवर अडकवून ठेवलेलं होतं, त्यामुळे दाबातला प्रत्येक बदल ते उंचीच्या खात्यात टाकत होतं. मुक्कामी पोचल्यावर बॅरोमीटर मोड लावला की उंची तिथेच थांबते आणि दाबाचा आलेख हवामानासाठी मोकळा होतो. सकाळी निघताना परत अल्टिमीटर. याला बॅटरी मुळीच लागत नाही. आलेखाची रेघ रात्रभर खाली जाताना दिसली तर दुपारच्या आत उतरायचं, हे मी त्या पहाटेपासून पाळते.

माहीत असलेल्या उंचीच्या जागी, म्हणजे नकाशावर उंची लिहिलेल्या खिंडीत, पठारावर किंवा शिखरावर, हाताने कॅलिब्रेट करणं सगळ्यात भरवशाचं. जीपीएसची उंची सोयीची वाटते, पण जीपीएसची उभी चूक आडव्या चुकीच्या साधारण दीड ते तीनपट असते, कारण सगळे उपग्रह आपल्या डोक्याच्या वरच्या बाजूला असतात, खालून कोणी नसतं. दरीत उभं राहून जीपीएसने कॅलिब्रेट केलं तर तीच चूक दिवसभर सोबत फिरते.

दुसरी तक्रार : ‘हजार मीटर चढलो, घड्याळ साडेनऊशे म्हणतं.’ घड्याळाचं गणित प्रमाण वातावरणावर बसवलेलं असतं, म्हणजे समुद्रसपाटीला १०१३.२५ हेक्टोपास्कल आणि १५ अंश तापमान, पुढे दर किलोमीटरला ६.५ अंशांची घट. प्रत्यक्ष हवा याहून १५ अंश गरम असेल तर ती पसरलेली असते, त्याच चढाईत दाब कमी प्रमाणात उतरतो, आणि हजारामागे ५० मीटर गळतात. थंडीत उलट होतं. मधल्या एखाद्या ज्ञात जागी पुन्हा कॅलिब्रेट करा. दुसरा इलाज नाही.

आणि तिसरी शक्यता, खरा अडथळा. दाबाचा सेन्सर घड्याळाच्या कडेला किंवा पाठीमागे असलेल्या सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांमागे असतो. घामाचं मीठ, सनस्क्रीन, माती तिथे बसली की सेन्सरला हवा उशिरा पोचते. तपासायला डोंगर लागत नाही. जिन्याखाली दाब बघा, तीन-चार मजले चढा, साधारण १० मीटर, आणि मिनिटभर थांबा. दाब १.२ हेक्टोपास्कलच्या आसपास उतरला पाहिजे. आकडा हललाच नाही, किंवा मग अचानक एकदम उडाला, तर छिद्रं तुंबली आहेत. कोमट साध्या पाण्यात घड्याळ थोडा वेळ बुडवून ठेवा, हलक्या हाताने हलवा, नळाखाली धुवा आणि पूर्ण वाळू द्या. पिन, सुई, दाबाची हवा यांतलं काहीही वापरू नका. आतला पडदा फाटला की पाणी रोखण्याची ताकद गेली. पोहून आल्यावर तासभर उंची वेडीवाकडी येणंही याच छिद्रांतल्या पाण्यामुळे, ते वाळलं की जातं.

कंपास आणि तापमान

कंपास भरकटला तर आधी जवळपास चुंबक शोधा : चुंबकाने मिटणारा पट्टा, फोनचं चुंबकी कव्हर, बॅगेच्या छातीवरच्या पट्ट्यातलं बक्कल, दुसऱ्या हातातलं कडं. गाडीत किंवा लोखंडी सळ्यांच्या इमारतीत केलेलं कॅलिब्रेशन बाहेर चुकीचंच ठरणार. मोकळ्यावर जा, सामान चार पावलं लांब ठेवा, आणि हवेत इंग्रजी आठाचा आकडा काढत मनगट सगळ्या बाजूंनी फिरवा. तरी ठरावीक अंशांनीच फरक राहत असेल तर चुंबकीय उत्तर आणि खरं उत्तर यांतला त्या भागातला फरक सेटिंगमध्ये भरलेला नाही.

तापमानाबद्दल थोडक्यात : हातावर असताना ते तुमच्या त्वचेचं आणि उन्हाचंही असतं. घड्याळ काढून सावलीत २०-३० मिनिटं टांगा, मग वाचा.

जीपीएसची वाट आणि नाडी

इथे बॅटरी आणि अचूकता सरळ एकमेकींवर उठतात. बॅटरी वाचवणारा मोड जीपीएस मधून मधून बंद करतो आणि राहिलेला रस्ता अंदाजाने जोडतो. वळणावळणाच्या पायवाटेवर कोपरे कापले जातात, अंतर कमी भरतं. मग आपल्याला वाटतं सेन्सर गेला. दोन-तीन दिवसांच्या सरळ, उघड्या वाटेला हा मोड चालतो. घाटात, दाट झाडीत नको.

उलट टोकाला आहे दोन फ्रिक्वेन्सींचा मोड : एल१, म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झ, आणि एल५, म्हणजे ११७६.४५ मेगाहर्ट्झ. कड्यांवरून आपटून आलेले सिग्नल ओळखायला दुसरी फ्रिक्वेन्सी खरंच मदत करते, पण बॅटरी जास्त घेते. मी उघड्या माथ्यावर एकच फ्रिक्वेन्सी ठेवते आणि कड्याखालच्या वाटांना दोन्ही.

ज्याकडे कोणी बघत नाही ते म्हणजे सुरुवात. उपग्रह आपल्या कक्षेची नेमकी माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवत असतो, आणि ती साधारण चार तासच उपयोगाची असते. घड्याळ फोनशी सिंक झालेलं असेल तर पुढच्या काही दिवसांचा अंदाज आधीच आत असतो आणि काही सेकंदांत पकड मिळते. बॅटरी वाचावी म्हणून पंधरा दिवस ब्लूटूथ बंद ठेवणाऱ्यांना हे सगळं आकाशातून गोळा करावं लागतं. झाडाखाली चालत चालत ते मिनिटांवर जातं, आणि शोधाशोध हाच जीपीएसचा सगळ्यात खर्चिक काळ. आदल्या रात्री एकदा सिंक करा. सकाळी मोकळ्या आकाशाखाली स्थिर उभं राहा, पकड मिळाल्यावर आणखी अर्धा मिनिट थांबा, मग सुरू करा.

नाडीचा आकडा पावलांच्या तालाशी चिकटून १६०-१७० वर अडकत असेल तर पट्टा सैल आहे. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर सरकवा, चढायला लागण्याआधी एक भोक घट्ट करा, थांबल्यावर सैल करा. थंडीत त्वचेतलं रक्त आत ओढलं जातं, तेव्हा चांगला सेन्सरही चाचपडतो. छातीचा पट्टा लावून मनगटाचा सेन्सर बंद करणं हा अचूक आणि बॅटरीलाही हलका मार्ग आहे. थंडीत बॅटरीचे टक्केही घसरलेले दिसतात. ते बहुतांशी तात्पुरतं असतं, रात्री घड्याळ हातावरच ठेवा किंवा झोपायच्या पिशवीत घ्या. पण गोठणबिंदूखाली थंडगार पडलेलं घड्याळ पॉवर बँकेला लावू नका. आधी अंगाच्या उबेत येऊ द्या.

दुरुस्तीला कधी द्यायचं

वहीत, सगळे जास्तीचे सेन्सर बंद असतानाही, पूर्वीच्या दुप्पट घट सलग तीन दिवस दिसली. जिन्याची चाचणी धुऊन वाळवल्यावरही फसली. काचेच्या आतून वाफ दिसली. किंवा मागचं झाकण किंचित उचललेलं वाटलं. शेवटच्या दोन्हीत थांबू नका. झाकण उचललं असेल तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते : घड्याळ लगेच काढा, चार्जिंगला लावू नका, उन्हातही ठेवू नका. दुरुस्तीला देताना ती वही सोबत द्या. नुसतं ‘लवकर उतरतं’ म्हटलं तर घड्याळ रिसेट होऊन परत येतं. रोजचे टक्के आणि कोणत्या दिवशी काय बंद होतं हे समोर ठेवलं की तपासणारा घड्याळ उघडून थेट बॅटरीच मोजतो.